मी खाल्लेली अक्षरं

वऱ्हाडात नेमणूक झाली तेव्हा ज्याने त्याने मला सावध केलं. कोणी उन्हाची भीती घातली, कोणी तिखटाची. भाताबद्दल मात्र एकही माणूस बोलला नाही, आणि माझा घात झाला तो भातानेच.

मी राजापूरकडचा. जन्मापासून सकाळी पेज आणि दोन्ही वेळा भात. मुंबईपर्यंत गलबताने, तिथून आगगाडीने, आणि जिथे रूळ संपले तिथून कापूस टाकून परतणाऱ्या रिकाम्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसून मी आणि माझी बायको गोदाबाई बडनेऱ्याला पोचलो. अंगाला इतका कापूस चिकटला होता की गाव म्हणालं, नवा पिंजारी आला. सरकारी मराठी शाळेचा मास्तर केशवराव तो हाच, हे पटवून द्यायला मला अख्खा दिवस लागला.

ही गोष्ट १८६४ सालातली. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे माझ्या शाळेतली पोरं गायब होत होती. या दोन गोष्टींचा संबंध कळायला मला सहा महिने लागले. लढाईमुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलाने जाऊ लागला, म्हणून ज्याला दोन हात आहेत तो वेचणीला, आणि पोरांना हात असतातच. वर्गात मी, फळा आणि पाच-सहा पोरं. त्यातली दोन पायाला काटा लागला म्हणून आलेली.

गावात तेव्हा जो तो बाहेरचा. कच्छी आले, मारवाडी आले, बोहरी आले, आणि आगगाडीच्या पुलाचे दगड घडवायला तेलंगी लोक बायकापोरांसह आले. मी ह्या सगळ्यांना ‘परके लोक’ म्हणत असे. मी स्वतः तिथे कोण होतो, हे मनात येत नसे. खरं तर वऱ्हाडी बोलणं मला निम्मंच कळायचं. त्यांनी ‘डोया’ म्हटलं की मी बुचकळ्यात पडायचो, मग कोणीतरी डोळ्याला बोट लावून दाखवायचं. ‘ळ’ त्यांच्या जिभेवर टिकतच नसे. ते ‘मले’ म्हणत, म्हणून मी ‘मला’ म्हटलं की पोरं खुदखुदायची.

आणि जेवायला ज्वारीची भाकरी. गोदाबाई बिचारी ज्वारी भरडून तिच्या कण्या शिजवायची, वर तुपाची धार सोडायची आणि म्हणायची, “डोळे मिटून खा, भातच लागेल.” मी डोळे मिटायचो. कण्याच लागायच्या. अमरावतीच्या बाजारात तांदूळ मिळे, पण तो असा जाड आणि कुबट की तो खाण्यापेक्षा कण्या बऱ्या.

त्या वर्षी दसऱ्याला शाळेत पाटीपूजन होतं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून, झेंडू वाहून मी बसल्या बसल्या पोरांना आपट्याची पानं वाटत होतो. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. नेसण्यावरून आणि नाकातल्या दोन्ही बाजूंच्या चमक्यांवरून कळत होतं की पुलावरच्या तेलंगी लोकांतली. बोटाला सहा-सात वर्षांचा मुलगा, तेल लावून केस चापून बसवलेले. तिच्या हातात पितळी थाळी, आणि थाळीत तांदूळ.

तांदूळ म्हणजे काय तांदूळ! बारीक, लांब, जुना, किंचित पिवळसर झालेला. वर हळदीची बोटं आणि कुंकवाचा ठिपका. माझ्या तोंडाला पाणी सुटलं हे कबूल करतो. सरस्वतीकडे पाठ झाली हेही कबूल करतो.

बाईने थाळी माझ्यापुढे ठेवली आणि काहीतरी बोलली. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. मास्तराने न कळल्याचं दाखवायचं नसतं, म्हणून मी गंभीरपणे मान हलवली. मुलाचं तोंड घट्ट मिटलेलं. तो हळूच पुढे आला आणि माझ्या मांडीवर चढू लागला. मी मनात म्हटलं, काय हे वळण! त्याला हलकेच बाजूला केलं आणि रांगेत बसायची खूण केली.

आमच्याकडे मुलाला शाळेत घालताना गुरूला शिधा देतात. कोरडा शिधा कोणाकडूनही घ्यायला हरकत नसते, एवढं शास्त्र मला पाठ होतं. मी थाळी उचलली, तांदूळ उपरण्यात ओतले, गाठ मारली, रिकाम्या थाळीत आपट्याची दोन पानं ठेवली आणि तोंडभर आशीर्वाद देऊन ती परत केली. बाई थाळीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरून आले. किती भाविक बाई, मी मनात म्हटलं.

खुणेने मुलाचं नाव विचारलं तर तिनेच सांगितलं, “नरसय्या.” मी पटावर नाव चढवलं, आणि उपरण्याची गाठ काखेत मारून घरी पळालो.

गोदाबाईने गाठ सोडली आणि तिचे डोळे चमकले. मग म्हणाली, “अहो, यावर हळद-कुंकू आहे. देवाकडचे तर नाहीत ना हे?”

“शिधा आहे. धुऊन घे आणि लाव,” मी म्हणालो.

“पण नीट विचारलंत का त्या बाईला?”

“मला तेलंगी येतं का? लाव लवकर.”

त्या दुपारी घरभर वास सुटला. मऊ, मोकळा भात, शीत शीत वेगळं, वर तूप, मीठ आणि लिंबाची फोड. मी चार वेळा वाढून घेतला. माझ्या डोळ्यांपुढे राजापूरची खाडी आली, आईचा चुलीपुढचा घामेजलेला चेहरा आला. जेवून उठलो तेव्हा मला खरोखर रडू येत होतं. इतका सुखी मी वऱ्हाडात कधी झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी नरसय्या शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दिवाळी होऊन शाळा भरली, तरी त्याची जागा रिकामी. एव्हाना वेचणी जोरात होती आणि पट ओस पडला होता, त्यामुळे मी जास्तच चिडलो. शिधा देऊन पोराला घरी ठेवायचं, ही कुठली रीत? कार्तिक सरता सरता एका सकाळी मी छत्री काखोटीला मारली आणि थेट पुलाच्या नाल्यावर गेलो. पटावरचं पोर धरून आणणं हे तेव्हा मास्तराचंच काम होतं.

पुलाची कमान बसत आली होती. पलीकडे झोपड्यांची रांग आणि छन्नीचा एकसारखा आवाज. झाडांच्या पानांवरसुद्धा दगडाची पांढरी भुकटी. नरसय्या एका झोपडीपुढे दगडाच्या कपच्या निवडत बसला होता. शेजारी मैनाबाई माळीण वांग्याचं टोपलं घेऊन बसलेली. ती आमच्या घरीही भाजी टाकायची. दोन वर्षं या लोकांना भाजी विकून विकून तिला त्यांची बोली बऱ्यापैकी येत होती.

मी दरडावून विचारलं, “काय रे नरसय्या, शाळेत का येत नाहीस?”

ज्या पोराने दसऱ्याला तोंड उघडलं नव्हतं, त्याने मान वर केली आणि अस्सल वऱ्हाडीत मला सुनावलं, “कसा येऊ, गुर्जी? माहे अक्षरं तं तुमीच खाऊन घेतले.”

“काय खाल्लं मी?”

“अक्षरं. भात करून.”

मैनाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी तिच्याकडे पाहिलं.

“खरं बोलून राहिलं पोट्टं,” ती म्हणाली. “त्याईच्या इकडं लेकराले शायेत घालाच्या दिवशी तांदुयात लिवाले लावते. गुरूनं लेकरू मांडीवर घ्याव, त्याचं बोट धराव, अन् थायीतल्या तांदुयात पयलं अक्षर काढून द्याव. मंग ते तांदूय गुरूचे. आंधी नाई. तुमी लिवाच्या आंधीच उपरन्यात बांधले, अन् घरी नेऊन रांधले.”

“मी रांधले हे तुला कोणी सांगितलं?”

“साऱ्या गल्लीत वास सुटला व्हता, मास्तरजी. सांगाले कोन पायजे?”

मी पोराकडे वळलो. “पण हा पोरगा तेव्हा का बोलला नाही? तोंडात काय मूग धरले होते?”

“मायनं सांगतलं व्हतं,” नरसय्या म्हणाला, “का पयलं अक्षर होईलोक तोंड नाई उघडाचं. गुर्जी बोलन, मंगच बोलाचं. तुमी बोललेच नाई.”

एवढ्यात झोपडीतून त्याची आई बाहेर आली. लच्चम्मा तिचं नाव. मला बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराला टेकून उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकलेली दिसत होती.

मी घाईने म्हणालो, “मैनाबाई, तिला सांग, चूक झाली. मी उद्याच अमरावतीहून तांदूळ आणतो. थाळीभर म्हणाली तर दोन थाळ्या आणतो.”

मैनाबाईने सांगितलं. लच्चम्माने मान हलवली आणि हळू आवाजात बोलू लागली. मैनाबाई एक एक वाक्य माझ्यापुढे टाकत गेली.

“बजारचे तांदूय नाई चालत म्हन्ते. ते तिच्या मायच्या वावरातले व्हते, गोदावरीच्या काठचे. हे पोट्टं झालं तवा मायनं ओटीत टाकले, याच्या पयल्या अक्षरासाठी. सात सालं तिनं कडूनिंबाचा पाला घालून जपले. कामासोबत गावोगाव फिरली, पर एक दाना शिजवला नाई. आता माय बी नाई अन् ते वावर बी नाई.”

सात वर्षांचे जुने तांदूळ. म्हणूनच तो भात इतका मोकळा झाला होता. मला माझ्याच पोटाची किळस आली.

“अन् येवढंच नाई,” मैनाबाई म्हणाली. तिने झोपडीच्या आत बोट दाखवलं. खुंटीला एक लहानशी छन्नी टांगलेली होती, पोराच्या मुठीत मावेल एवढी. “याईच्या घरात लेकराचा हात आंधी ज्याले लागला, जलमभर तेच त्याचं काम. अक्षराले लागला तं अक्षर, छन्नीले लागला तं छन्नी. सात सालं भरले म्हंजे थांबत नाई. सोमवारी सारा डेरा चांदुराकडं निंघून राहिला. निंघाच्या आंधी बाप याच्या हातात छन्नी देनार.”

पलीकडे दगडावर वाकलेला माणूस खोकायला लागला. तो राजय्या, नरसय्याचा बाप. खोकला थांबेना, तो उठून उभा राहिला, गुडघ्यावर हात टेकून खोकत राहिला, आणि मग पुन्हा खाली बसून छन्नी मारू लागला. लच्चम्मा त्याच्याकडे बघत एकच वाक्य बोलली.

“त्याचा बाप बी असाच खोकून खोकून गेला,” मैनाबाई म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

परतताना वाटेतल्या कापसाच्या बंड्या मला दिसल्याच नाहीत. एका गाडीवानाने शिवी घातली, तेव्हा बाजूला झालो. हे पोर उद्या माझ्यामुळे दगडाची भुकटी गिळणार होतं. मास्तर म्हणून मी शेकड्यांनी पोरांना पाढे शिकवले असतील, पण एखाद्याचं अक्षर शिजवून खाणारा मास्तर मीच पहिला.

घरी येऊन गोदाबाईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती बोलून बोलून माझा जीव घेईल. ती मात्र उठली, उतरंडीतलं सर्वांत वरचं मडकं उतरवलं, त्यातून एक तांब्याचा गडू काढला आणि माझ्यापुढे उपडा केला. मूठभर तांदूळ. हळदीने पिवळे झालेले, मधूनमधून कुंकवाचे.

“शिजवायला घेतलेल्या धान्यातली एक मूठ परत ठेवायची, ही आमच्या आईची सवय,” ती म्हणाली. “आणि तुम्ही धुवायला सांगितलंत. हळदीकुंकवाचे दाणे मला धुववेनात. तेवढे वरच्यावर काढून ठेवले.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही चौथ्यांदा भात मागत होतात. तेव्हा बोलले असते तर हे पण शिजले असते.”

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि बायको इतकी कधी आवडली नव्हती.

पण मुठीने थाळी भरत नाही. अक्षर उमटायला तांदळाचा थर हवा, बोट बुडेल एवढा. संध्याकाळी मैनाबाई भाजी टाकायला आली तेव्हा गोदाबाईने तिला गडू दाखवला. मैनाबाई टोपलं खाली ठेवून मटकन बसली.

“मंग काय पायजे आता! मूयचे हाये तं बाकीचे मियवता येतेत. बाकीचे कोनाच्याबी घरचे चालन, फकत पोटाले म्हनून इकत घेतेल नको. देवाच्या नावाचे पायजे.”

“पण या गावात तांदूळ खातो कोण?” मी विचारलं.

“खात नाई म्हनूनच तं सापडन,” ती म्हणाली.

आणि तिचं खरं होतं. वऱ्हाडातल्या घरात तांदूळ जेवणाचा नसतो, अक्षतांचा असतो. देवघराच्या कोनाड्यात, लुगड्याच्या घडीत, मुठीएवढ्या गाठोड्यात तो वर्षानुवर्षं पडून असतो. मैनाबाईने दुसऱ्या दिवसापासून भाजीच्या टोपल्यात एक रिकामं पातेलं ठेवलं आणि दारोदार वांग्यांबरोबर ही गोष्टही वाटली. मास्तराने पोराची अक्षरं खाल्ली, ही बातमी बडनेऱ्यात कापसाच्या भावापेक्षा जोरात पसरली. मी रस्त्याने निघालो की बायका विचारायच्या, “जेवन झालं का, मास्तरजी?” आणि घरात पळून हसायच्या.

शाळेच्या कमिटीचे पाटील खुशालराव यांच्याकडे मी स्वतः गेलो. ते ओसरीवर कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते. घरात जागाच उरली नव्हती.

“कापूस मांगा मास्तर, बंडीभर देतो,” ते म्हणाले. “तांदूय कुठून आनू? अन् ते लोक तं चालले सोमवारी. आपल्या शायेचं त्याईच्याशी काय घेनंदेनं?”

“त्याचं नाव पटावर आहे,” मी म्हणालो. “पटावर आहे तोवर तो आपला.”

आतून त्यांच्या पत्नी पार्वताबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक लाल गाठोडं होतं. ते त्यांनी माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

“माह्या पोरीच्या लग्नाले ठेवले व्हते,” त्या म्हणाल्या.

“अन् लग्नाले काय करशीन?” खुशालरावांनी विचारलं.

“लगन पुढल्या साली हाये. अक्षर सोमवारी हाये.”

सोमवार उजाडला. नाल्यावर बंड्या भरून तयार होत्या, दुपारी निघायचं ठरलेलं. सकाळी शाळेत पाहतो तो पट भरलेला! वेचणी सोडून सगळी पोरं आली होती. मास्तराची फजिती बघायला मिळणार म्हटल्यावर त्यांना कापूस कोण वेचायला लावणार? मागे बायका, दारात खुशालराव, अंगणात अर्धं गाव.

मैनाबाईच्या निरोपावरून लच्चम्मा नरसय्याला घेऊन आली. मागून राजय्या. त्याच्या कमरेला ती लहान छन्नी खोचलेली. तो वाईट माणूस नव्हता. इथे जमलं नाही तर निघायच्या आधी त्याला त्याची रीत करायची होती, एवढंच.

मी मोठी परात पुढे ठेवली. घराघरातले तांदूळ तिच्यात पसरलेले, जाड, बारीक, पांढरे, लाल. गोदाबाई पुढे झाली आणि तिने गडूतली मूठ त्यावर हळूहळू पसरली. लच्चम्मा वाकली. तिने हळद लागलेला एक दाणा उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि गोदाबाईकडे बघितलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. लच्चम्माने गोदाबाईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी बसलो. नरसय्या माझ्यापुढे येऊन उभा राहिला, तोंड घट्ट मिटून. उभाच राहिला.

मग माझ्या ध्यानात आलं. दसऱ्याला तो आपणहून मांडीवर चढत होता आणि मी त्याला ढकललं होतं. आता तो वाट बघत होता. आणि खरं सांगतो, मीही अडलो. मी ठरवलं होतं, समोर बसवू, परातीवरून हात लांब करून बोट धरू, काम भागेल. राजापूरचा केशवराव, आणि पाथरवटाचं पोर मांडीवर, तेही गावादेखत! माझ्या काकांनी पाहिलं असतं तर? तेव्हाचं माझं मन असंच होतं, आता लपवून काय उपयोग.

मी नरसय्याला समोर बसायची खूण करायला हात उचलला, तोच मैनाबाईचा आवाज आला.

“मास्तरजी, त्याच्या आजीचा भात पोटात घेतला, तवा काई वाटलं नाई. पोट्टं मांडीवर घ्याले काहून अडून राहिले?”

अख्खी शाळा फुटली. पोरं लोळायची बाकी राहिली, खुशालराव खांब धरून हसले, आणि माझी बायको, जिने आजवर चारचौघांत दात दाखवले नव्हते, ती पदरात तोंड घालून गदगदत होती. मला राग यायला हवा होता. पण त्या बाईच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. उचललेला हात मी पुढे केला आणि नरसय्याला ओढून मांडीवर घेतलं.

पोर हलकं होतं. तेल लावलं होतं तरी केसांच्या मुळाशी दगडाची भुकटी दिसत होती. मी त्याचं बोट धरलं आणि परातीत टेकवलं. माझ्या वडिलांनी माझं बोट धरून जे काढलं होतं, तेच काढलं.

“म्हण, ओ.”

“ओ,” नरसय्या म्हणाला. इतक्या मोठ्याने, की अंगणातला बैल बुजला.

“ना. मा.”

“ओनामा!” सगळी पोरं ओरडली.

लच्चम्माने दोन्ही हात तोंडावर नेले. “ओनमालु!” ती म्हणाली. “ओनमालु!” तिच्याकडे पहिल्या अक्षरांना हेच म्हणतात, हे मला मैनाबाईने सांगायची गरज पडली नाही. राजय्याने कमरेची छन्नी काढली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि आपल्याच गाठोड्यात तळाशी कोंबली. मग तो हसला, हसताना खोकला, आणि खोकतानाही हसत राहिला.

निघायच्या आधी मी एक कागद लिहून नरसय्याच्या हातात दिला. पुढे चांदुरात किंवा आणखी कुठे शाळा निघाली तर दाखवायला. त्यावर लिहिलं होतं: ‘सर्व मास्तर मंडळींस कळावे, की पत्र घेऊन येणारा नरसय्या राजय्या याचा ओनामा मौजे बडनेरे येथील शाळेत झाला आहे. यास वर्गात बसवून घ्यावे. याच्या आईचे बोलणे न कळल्यास कळेपर्यंत विचारावे. मूल मांडीवर बसू लागल्यास उठवू नये.’

खाली सही आणि शाळेचा शिक्का. असा कागद द्यायचा हुकूम मला कोणी दिलेला नव्हता.

दुपारी बंड्या हलल्या. जाण्याआधी लच्चम्माने ती परात उचलली, माझ्यापुढे आली आणि सगळे तांदूळ माझ्या उपरण्यात ओतले. तिच्या आईची मूठ, पार्वताबाईच्या पोरीच्या अक्षता, साऱ्या गावाचं देवघर. अक्षर झालं होतं. आता ते तांदूळ रीतीने माझे होते. नरसय्याने बंडीतून ओरडून सांगितलं, “गुर्जी, आता खा!”

घरी येऊन मी गाठ चुलीजवळ ठेवली. दिवस मावळत होता. गोदाबाईने गाठ सोडली, तांदळात हात घातला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “लावू?”

भाताचा वास मला तिथे बसल्या बसल्या आला. जाड-बारीक मिसळलेले तांदूळ, पण होते तांदूळच. मी गिळलं.

“कच्छ्यांच्या वाड्यात शाळेच्या वयाचं एक पोर आलंय म्हणतात,” मी म्हणालो. “आणि पुढच्या महिन्यात पुलावर रूळ टाकायला नवे लोक येणार आहेत. त्यांच्याकडे तांदूळ असतील की नसतील, कोण जाणे.”

गोदाबाईने तांदळातला हात काढला. मग तिने बरणी काढली, तांदूळ तिच्यात भरले, कडूनिंबाचा पाला घातला आणि तोंडाला फडकं बांधलं.

“उद्या शाळेत नेऊन ठेवा,” ती म्हणाली.

“नेतो. आता भाकरी टाक.”